ताप नाही, सिस्टर!

युरॉलॉजीत नर्स म्हणून पंधरा वर्षं काढली की किस्से आपोआप साठतात हो. बहुतेक हसायचेच. एक मात्र अजून हसत सांगता येत नाही.

मंगळवार आमचा बीसीजीचा वार. बाळांना टीबीची लस टोचतात ना, तिचेच जिवंत, अशक्त जंतू मूत्राशयाच्या कॅन्सरवर चालतात. नळीनं आत सोडायचे, दोन तास धरून ठेवायचे. आठवड्याला एक, असे सहा डोस.

फॅक्टरीतून रिटायर झालेले वानखेडे काका पहिल्याच दिवशी शर्टाची बाही वर करून बसले! मी म्हटलं, "काका, बाही नाही, पायजमा."

"अवो सिस्टर, काहून मस्करी करून राहिल्या?"

*

औषध आत असताना दर पंधरा मिनिटांनी कूस बदलायची. मी टाळी वाजवली की चारही पेशंट एकदम फिरायचे. वानखेडे काकू दारातून म्हणाल्या, "माझ्या सांगण्यानं तर चाळीस वर्षांत हलले नाहीत!"

*

घरी संडासात ब्लीच टाकायचं, लघवीतले जंतू मरावेत म्हणून. काकू इतक्या घाबरल्या की काकांच्या चपलासुद्धा ब्लीचनं धुतल्या. काका त्याच पांढऱ्याफटक चपला घालून सदर बाजारात फिरायचे!

*

डोसनंतर दिवसभर ताप येतो. टिकला तर सांगायचं, मग पुढचा डोस थांबवतात. पेशंटला नेमकं तेच नको असतं. मी विचारलं की, "ताप नाही, सिस्टर!"

चौथ्या मंगळवारी काकांच्या खिशातून तापाच्या गोळ्यांची पट्टी पडली. मी सगळ्यांसमोर त्यांना फैलावर घेतलं. "पुन्हा ताप घेऊन आलात ना, तर याद राखा!"

काका मान खाली घालून बसले. मला तेव्हा बरंच वाटलं, खोटं कशाला बोलू! त्यानंतर दर मंगळवारी काकांचं उत्तर एकच, "ताप नाही, सिस्टर!" सहाही डोस झाले, तपासणी स्वच्छ आली, काकांनी बड्या फुहाऱ्याच्या बाजारातून पेढे आणले.

*

आठ महिन्यांनी काकू एकट्याच आल्या. "पाठ लय दुखून राहिली त्यांची. कमानिया गेटचा मालिशवाला रोज येते, पण फरक नाही. अन् पोटात काहीतरी धडधडते म्हणतात."

मी खुर्चीतून उठलेच. "मालिश बंद! आत्ताच्या आत्ता आणा त्यांना!"

सीटी स्कॅनमध्ये दिसलं. पोटातली मुख्य रक्तवाहिनी एका जागी पातळ होऊन फुगली होती. आमच्याच औषधातले जंतू तिथं जाऊन बसले असावेत, असं सर्जन म्हणाले. फार क्वचित होतं असं, पण ती कधीही फुटू शकते. आणि तिच्यावर रोज मालिश चालू होती! काकूंनी माझा हात धरला तो सोडेनातच.

*

ऑपरेशनच्या आधी मी काकांच्या उशाशी उभी होते. हिंदी बोलणाऱ्या आमच्या सर्जननं विचारलं, "दादा, सच बताइए, बुखार कब से आ रहा था?"

काकांनी एकदा माझ्याकडे बघितलं, मग हळूच सर्जनला म्हणाले,

"पहले सिस्टर को बाहर भेजिए."