मेश्रामांचा ऑप्शन

आमचे दफ्तरी मेश्राम रविवारी सकाळी वारले. सोमवारी मी ऑफिसात आलो तेव्हा त्यांनी सही केलेला फॉर्म माझ्या ड्रॉवरमध्ये होता. इनवर्ड रजिस्टरमध्ये त्याची नोंद नव्हती. सरकारी हिशेबाने तो फॉर्म जगात नव्हताच.

ही गोष्ट साठच्या दशकातली. नागपुरात सिव्हिल लाइन्समधल्या एका सरकारी ऑफिसात मी सीनियर क्लार्क होतो. स्टाफची रजा, बढती, पेन्शन यांचे कागद माझ्या टेबलावर असायचे. त्याच सुमारास फॅमिली पेन्शनचा नवा नियम आला. जुन्या नियमात नोकरीतला माणूस गेला, की त्याच्या बायकोला थोडी वर्षं पेन्शन मिळे आणि मग बंद होई. नव्यात ती तिच्या हयातीपर्यंत मिळणार होती. त्यासाठी ग्रॅच्युइटीतून, म्हणजे शेवटी मिळणाऱ्या एकरकमी पैशातून, दोन महिन्यांचा पगार कापला जाणार होता. जे आधीपासून नोकरीत होते त्यांनी जुनं की नवं ते चार महिन्यांत लिहून द्यायचं होतं. याला ऑप्शन म्हणत. ज्याने काहीच दिलं नाही, त्याला जुना नियम.

मी स्टाफला बोलावून सगळं समजावून सांगितलं. ड्रायव्हर नंदनवार म्हणाले, "म्हणजे मी मेल्यावर फायदा. अन् कटौती मी जिता असताना."

"तसंच."

"मंग मले काय भेटलं?"

याचं उत्तर सर्क्युलरमध्ये नव्हतं.

फॉर्म फक्त मेश्रामांनी भरला. ऑफिसातली जुनी रजिस्टरं बांधायचं, फायली शिवायचं काम ते वीस वर्षं करत होते. मी विचारलं, "घरी विचारलं का?"

"विचारायचं काय, बाबूजी. किती बायांच्या फायली मी शिवल्या. काही वर्सं पैसे येते, मंग बाई चकरा मारते, मंग फाइल माह्याकडे येते बांधाले." मग ते म्हणाले, "याची पोच देता का?"

"पोच कशाला? सगळ्यांचे आले की एकदमच इनवर्ड करतो. मी आहे ना."

ते बरं म्हणाले आणि गेले. हे मंगळवारी झालं. रविवारी त्यांच्या छातीत दुखलं. मेयो हॉस्पिटलात नेईपर्यंत सगळं संपलं होतं.

सोमवारी मी फॉर्म घेऊन इनवर्डच्या पाठकांकडे गेलो. पाठक माझ्याच बॅचचे. त्यांनी दार लोटून घेतलं, रजिस्टर उघडलं आणि मागच्या मंगळवारच्या पानावर बोट ठेवलं.

"खालची एक ओळ रिकामी आहे. टाकून देऊ का? कोणाले समजते?"

मी ती ओळ पाहिली. त्यात खोटं काही नव्हतं. फॉर्म खरंच मंगळवारी आला होता. पण नोंद आज होणार होती. पुढे ऑडिटला शाईत किंवा नंबरात फरक दिसला असता, तर खोट्या नोंदीवर दिलेली पेन्शन म्हणून भागाबाईंची, म्हणजे मेश्रामांच्या बायकोची, पेन्शन बंद झाली असती. आम्ही दोघंही घरी बसलो असतो. दुसरा रस्ता फॉर्म फाडून टाकायचा होता. तो मला सुचला नाही असं म्हणणार नाही. सुचला. दुपारी डबा खाल्ला नाही.

चार वाजता मी नोट लिहिली. फॉर्म अमुक दिवशी माझ्या हातात मिळाला, माझ्या चुकीने इनवर्ड झाला नाही, कर्मचारी त्यानंतर वारले, तरी ऑप्शन मुदतीत मिळाला असं धरावं. खाली सही केली आणि साहेबांकडे नेली.

साहेब पुण्याचे. त्यांनी नोट दोनदा वाचली.

"खोडे, तुमचं प्रमोशन ड्यू आहे ना?"

"हो सर."

"मग हे कशाला लिहिता? फॉर्म आला नाही म्हणा. जुना नियम लागेल. बाईला काहीतरी मिळेलच."

"काही वर्षं मिळेल, सर. त्यांना दोन मुली आहेत."

"मला ठाऊक आहे." त्यांनी पेनाचं टोपण काढलं, पुन्हा लावलं. "हे वर पाठवलं तर पहिलं उत्तर तुमच्याकडेच मागतील."

"मागू द्या, सर."

त्यांनी शेरा मारला, 'वरिष्ठ कार्यालयाकडे सादर'. बाजूने काही लिहिलं नाही, विरुद्धही लिहिलं नाही. त्यांच्या मानाने ते पुष्कळ होतं.

इकडे ऑफिसात निराळंच सुरू झालं. मेश्रामांनी फॉर्म भरला आणि पाच दिवसांत माणूस गेला, एवढंच लोकांच्या लक्षात राहिलं. मी फॉर्म पुढे केला की माणसं हात मागे घेत. नंदनवार म्हणाले, "बाबूजी, मी जुन्यातच बरा आहो." बी.एससी. झालेल्या एका क्लार्कने मला बाजूला नेऊन विचारलं, की फॉर्म अमावस्येनंतर दिला तर चालेल का. मी मुदतीची तारीख सांगितली.

मी भागाबाईंना भेटायला क्वार्टरवर गेलो. माझ्या चुकीचं त्यांना माझ्याच तोंडून कळायला हवं होतं. त्या भिंतीला टेकून बसल्या होत्या. मी सगळं सांगितलं, पोच न दिल्याचंही. 

"कागद आहे ना पण?"

"आहे. वर पाठवला."

"त्याईनं सही केली होती?"

"हो."

"मले नाही सांगितलं त्याईनं," त्या म्हणाल्या. मग पदराने तोंड पुसून मोठ्या मुलीला म्हणाल्या, "बाबूले पाणी दे वं."

त्यांनी मला माफ केलं की नाही, हे मला आजही माहीत नाही.

क्वार्टरच्या नळावर बायकांनी त्यांना विचारलं असावं, आणि त्यांनी सांगितलं असावं. चौथ्या दिवशी नंदनवार बायकोला घेऊन माझ्या टेबलासमोर उभे राहिले. बाईंनी फॉर्म माझ्याकडून वाचून घेतला.

"म्हणजे सही नाही केली त मले काही वर्सच भेटन?"

"हो."

"यानं नाही केली त मी करू शकतो का?"

"नाही. त्यांनीच करायला हवी."

"करते तो," बाई म्हणाल्या.

नंदनवारांनी केली. त्यांना मी पोच दिली. पुढच्या पंधरा दिवसांत सगळे फॉर्म आले. बी.एससी. क्लार्कचा अमावस्येच्या आदल्या दिवशी आला.

वरून आधी माझ्याकडे खुलासा मागितला, मग आणखी एक खुलासा, मग शांतता. सात महिन्यांनी ऑर्डर आली. संबंधित क्लार्कच्या हातात फॉर्म मुदतीत मिळाला, म्हणजे तो ऑफिसला मिळाला असं मानण्यात आलं. भागाबाईंना पेन्शन मंजूर. दुसऱ्या परिच्छेदात मला ताकीद होती. ती सर्व्हिस बुकात नोंदवायची होती. सर्व्हिस बुकं माझ्याकडेच असल्यामुळे ती नोंद मीच माझ्या अक्षरात केली.

भागाबाई ऑर्डर न्यायला आल्या. विचारलं, "हे कुठवर चालन, बाबूजी?"

"तुम्ही आहात तोवर. दरवर्षी फक्त हयातीचा दाखला द्यायचा. तुम्ही जिवंत आहात असा."

"मी समोर उभी राहिली तरी?"

"तरी."

त्यांनी मान हलवली. वीस वर्षं दफ्तरीच्या घरात काढलेल्या बाईला याचं नवल वाटलं नाही.

माझं प्रमोशन तीन वर्षं लांबलं. मधल्या काळात पाठक हेड क्लार्क झाले आणि मी त्यांच्या हाताखाली काम केलं. माणूस चांगला होता.

त्यानंतर पेन्शनचा कोणताही नियम बदलणार असला की मी सर्क्युलरच्या दोन प्रती काढत असे. एक नोटीस बोर्डावर लावायची, दुसरी नंदनवारांच्या घरी द्यायची. बोर्डावरच्या प्रतीसाठी तीन-तीन रिमाइंडर काढावे लागत. दुसरीसाठी एकही कधी काढावा लागला नाही.