पाण्यासाठी खणलेलं मैदान

"भरती कधी?" वरच्या मजल्यावरचे साहेब सकाळी जिन्यात भेटले की पहिला प्रश्न हा. नमस्कार नाही, चमत्कार नाही. छत्री काखेत आणि नजर खाडीच्या दिशेला.

बेलापूरला वस्ती नुकती होत होती. आमच्या इमारतींमधलं मैदान साहेबांनीच आखलेलं. बागा, झाडं, वाटा आखायच्या हीच त्यांची नोकरी. मैदान मुद्दाम पुरुषभर खोल ठेवलं होतं. भरतीला गटारांचं पाणी खाडीत शिरत नाही. तेवढा वेळ पावसाचं पाणी मैदानात थांबायचं आणि आमची घरं कोरडी राहायची. एरवी तिथे पोरं खेळायची.

आणि हा माणूस स्वतःच्याच मैदानाला घाबरायचा. दिवाळे गावची कोळीण दारात आली की टोपलीकडे बघायचं सोडून, "मावशी, भरती कधी?"

"दुपारी भरंल पानी. आदी बोंबील तं बगा, साहेब."

मग अर्धी रजा टाकून घरी येणार आणि पोरांना मैदानातून हाकलणार. मी तर तोंडावर म्हणायचे, "साहेब, बाग केलीत की विहीर?"

"वहिनी, आत्ता घोट्याला असतं," ते म्हणायचे. "पाणी सांगून चढत नाही."

एका जुलैत भर दुपारी आभाळ फाटलं. पोळ्या टाकता टाकता बाहेर बघते तर मैदान नाहीच, नुसतं गढूळ पाणी. आणि माझी सहा वर्षांची बेबी घरात नाही. खाली धावले. हाका मारल्या, पण पावसात माझाच आवाज मला ऐकू येईना. साहेब आधीच छातीभर पाण्यात उतरले होते. बुडी मारायचे, तळ चाचपायचे, रिकामे हात घेऊन वर यायचे. काठावर उभी राहून मी देवाला काय काय बोलले ते सांगत नाही.

बेबी तिसऱ्या मजल्यावर भातुकली खेळत होती. तिला आणून दाखवली तरी ते बाहेर येईनात. "दुसरं कुणी असलं तर?" ओहोटी लागेपर्यंत तळ चाचपत राहिले.

त्यानंतर कचेरीत खेटे घालून त्यांनी ते मैदान भरून घेतलं. स्वतःचं काम स्वतःच बुजवलं. लोक हसले, ठरलेली बढती हुकली.

पुढल्याच पावसात पाणी सरळ आमच्या तळमजल्यावर आलं. गाद्या, पीठ, शिलाई मशीन, सगळ्याचा चिखल.

दोनेक वर्षांत त्यांची बदली झाली, पुन्हा कधी दिसले नाहीत. मला आठवतात ते घरात पाणी शिरलं त्या दिवशीचे. पँट गुडघ्यापर्यंत दुमडून आमच्या दारात उभे होते. मी चिडून तोंड उघडलंच होतं.

"बोला, वहिनी. चूक माझीच," ते म्हणाले आणि आत येऊन पलंगावर टेकले. बेबी तिथेच बसून पाण्यात पाय हलवत होती. पाणी तिच्या पोटरीपर्यंतच होतं. ते बराच वेळ तिच्या पायांकडे बघत राहिले. मी बोलत होते, बाहेर पाऊस कोसळत होता आणि ते बसल्या बसल्या गाढ झोपून गेले.