छबुबाईंचा ताल

बहात्तरच्या दुष्काळात आम्ही माजलगावच्या कॉलेजची मुलं एक संगीत नाटक बसवत होतो. गाणी माझी, चाली इलियासच्या. खडी फोडणाऱ्या बायांच्या गाण्याला त्यानं पेटीवर अशी उडती चाल बांधली की आम्ही स्वतःवरच खूश झालो.

तालमी सोसायटीच्या रिकाम्या गोदामात चालायच्या. शेजारच्या दुष्काळी कामावर खडी फोडणाऱ्या छबुबाई दुपारच्या सुटीत तिथं सावलीला भाकरी खायला यायच्या. आठवडाभर त्यांनी ऐकलं. मग म्हणाल्या, "लई गोड हाय रं. पण या चालीवर हातोडा मारला तर बाई दुपारपत्तुर आडवी व्हईल."

मला राग आला. इलियासला आला नाही. तो म्हणाला, "मग तुमीच सांगा, मावशी."

त्यांनी भाकरी फडक्यात गुंडाळली आणि जमिनीवर मूठ आपटून दाखवली. घाव पडताना शब्द, हात उचलताना नुसता श्वास. त्या श्वासाच्या जागी इलियासनं पेटीचा एक सूरही ठेवला नाही.

प्रयोगाला कामावरच्या बाया पुढं बसल्या. खडीच्या गाण्याच्या दुसऱ्या कडव्याला त्यांच्या मुठी आपोआप जमिनीवर पडू लागल्या आणि सगळं गोदाम त्या तालावर धृपद गाऊ लागलं.

शेवटी सूत्रधारानं संगीतकार म्हणून इलियासचं नाव घेतलं. तो पेटीमागून उठून म्हणाला, "चाल छबुबाईंची हाय."

छबुबाई पदर सावरत उठल्या. "म्या काय केलं? बाया कुठं दम घेतेत, तेवढं सांगितलं."