वाघामुळे झालेली बदली

डोंगरातल्या मिशनात मी अकरा महिने काढले. मुंबईभरच्या माझ्या प्रवचनांत त्यांची अकरा वर्षं झाली. नदीचा पूर गुडघ्यापासून गळ्यापर्यंत चढला. वाघ आधी झाडीतून नुसता गुरगुरायचा; पुढे तो चर्चच्या पायरीवर बसून अख्खी मिस्सा ऐकून गेला. खरं सांगायचं तर ती म्हैस होती. आणि मी कावीळ झाल्याचं सांगून पळून आलो होतो, कारण तिन्हीसांजेनंतर तिथे बोलायला माणूस नसायचं. मला उपाशी ठेवा, पण गप्प ठेवू नका!

यंदा, सत्तरीत, बदलीची पाळी आली. आमच्या मिशनरी संघाच्या वरिष्ठांनी दोन जागा पुढे केल्या: तेच मिशन, नाहीतर वांद्र्याचं म्हाताऱ्या धर्मगुरूंचं घर. मन वांद्र्याकडे. तिथले अर्धे फादर बहिरे, पण श्रोते ते श्रोतेच. शुक्रवारपर्यंत कळवायचं होतं.

माझ्या आधी, मी सध्या असतो त्या परळच्या पॅरिशमधल्या लोकांनीच ठरवून टाकलं, फादर डोंगरात जाणार. हिंदमाताच्या कापडबाजारातून कोणी घोंगडी आणली, हत्तीला पुरेल एवढी. कोळीवाड्याच्या मावशी सुक्या बोंबलांचं गाठोडं घेऊन आल्या.

"वाघाला पण घाला हां फादर, चार!"

"अहो, मी अजून हो कुठे म्हटलंय?"

"तुम्ही? आणि नाही म्हणणार?" मावशी एवढ्या हसल्या की बोंबील सांडले.

शुक्रवारी वरिष्ठांकडे गेलो तो म्हैस कबूल करून टाकायचीच, असं ठरवून. ते माझ्याहून पंचवीस वर्षांनी लहान. मी तोंड उघडायच्या आत म्हणतात, "फादर, दहा वर्षांचा होतो तेव्हा तुमचा वाघ ऐकला. घरी जाऊन आईला सांगितलं, मी मिशनरी होणार. नाहीतर आज बाबांसारखा बँकेत असतो."

आता या माणसापुढे म्हैस कशी बांधू?

"तिथे सध्या कोण आहे?" मी विचारलं.

"कोणीच नाही. दोन वर्षं कुलूप आहे. तरुण फादर टिकत नाहीत. एकटं वाटतं म्हणतात आणि परत येतात."

म्हणजे माझ्यासारखेच पळत होते, फक्त खरं सांगून.

त्यांनी पेनाचं टोपण काढलं. "मग काय लिहू?"

"डोंगर लिहा," एवढंच म्हणालो. त्यांनी लिहिलं, खाली तारीख घातली आणि सहीसाठी कागद माझ्याकडे सरकवला.