उरलेल्या गोळ्यांचा डबा

अख्ख्या कल्याणात कुणीही आजारी पडो, त्याच्या उरलेल्या गोळ्या शेवटी माझ्या बायकोच्या मामांकडेच जमा होत. ताप उतरला की गोळी बंद करायची आणि उरलेली जपून ठेवायची, हा त्यांचा धर्म. बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात प्रत्येक पुडीवर चिठ्ठी. औषधाचं नाव कुठेच नाही, रोग्याचं मात्र ठळक: 'कुंदाची दाढ', 'बंड्याचा कान', 'वरच्या शिंद्यांचं गळू'. मला एकदा साधी सर्दी झालेली, तर म्हणाले, "जावईबापू, बंड्याचा कान घ्या, सकाळ-संध्याकाळ." नाही म्हटलं की रुसायचे, म्हणून मी गुपचूप खिशात टाकायचो.

गेल्या वर्षी मामांनी स्वतःची दाढ काढून घेतली आणि मग रोज संध्याकाळी बारीक ताप येऊ लागला. कुंदाच्या दाढेने तो दोन दिवसांत उतरे, की गोळी बंद. आठवड्याने स्वारी पुन्हा हजर. मग शिंद्यांचं गळू. असे दोन महिने! शेवटी, नवऱ्यापुढे कधी ब्र न काढलेल्या मामींनी मला फोन केला, ह्यांना आता धापही लागते म्हणाल्या, आणि मी मामांना नौपाड्यातल्या हृदयाच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी छाती ऐकली, नखांतल्या बारीक लाल रेघा पाहिल्या आणि विचारलं, "गोळ्या कुठल्या घेताय?"

"कुंदाची दाढ," मामा अभिमानाने म्हणाले.

हृदयाची सोनोग्राफी झाल्यावर डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. "काका, दाढेतले जंतू हृदयाच्या झडपेवर जाऊन बसलेत. तुमच्या अर्ध्यामुर्ध्या गोळ्यांनी ते मरत नाहीत, नुसते लपतात." सगळ्या गोळ्या थांबवून तीनतीनदा रक्त तपासलं, तेव्हा कुठे चोर सापडला. मग हॉस्पिटलात सहा आठवडे शिरेतून इंजेक्शनं, एकही चुकवायचं नाही.

तिसऱ्या आठवड्यात ताप गेला आणि मामांनी पिशवी भरली. "ताप उतरलाय. उरलेल्या बाटल्या बांधून द्या!" अर्धवट सोडलंत तर जीव जाईल, असं डॉक्टर बजावून थकले, मी हातापाया पडलो, मामा ढिम्म. तेव्हा मामी उठल्या आणि पिशवीतले कपडे एकेक करून परत कपाटात ठेवू लागल्या. "आयुष्यभर सगळं अर्धवट सोडलंत, मी काही बोलले नाही. एवढं एक पुरं करा. माझ्यासाठी." मामा निमूट हात पुढे करून आडवे झाले.

परवा मला ताप आलेला, तर सवयीने कल्याणला गेलो. मामा हल्ली जिना थांबत थांबत चढतात. त्यांनी माझी नखं निरखली, "आधी डॉक्टर!" म्हणून दटावलं. मला तर त्या बंड्याच्या कानाची चक्क आठवण आली. मग त्यांनी डबा उघडून दाखवला. आत इंजेक्शनची एकच रिकामी बाटली आणि तिच्यावर चिठ्ठी: 'ह्यांची झडप. पूर्ण.'

"हिनं लिहिलंय," मामा म्हणाले आणि झाकण हळूच लावलं.