उजव्या सोंडेची जीप

मटणाची नळी नाना नुसती चोखत नसत. चोखून झाली की ती डोळ्याला लावून उजेडाकडे बघत, मग एका टोकाने फुंकत आणि दुसऱ्या टोकाला तळहात धरून वारा लागतो का ते पाहत. पंगतीत शेजारी बसलेल्याला शिसारी यायची. नाना म्हणायचे, "नळी कुठलीबी असू द्या बाई, आरपार वारा गेला पायजे." खाण्याचा असा सोहळा करणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही, आणि नर्सच्या नोकरीत मी माणसं काही कमी पाहिलेली नाहीत.

नाशिकच्या द्वारका चौकामागे पत्र्याच्या शेडमध्ये त्यांचं गॅरेज होतं आणि लिलावात घेतलेली एक जुनी मिलिटरी जीप. तीत ते द्वारका ते हरसूल माणसं कोंबून न्यायचे. मी तेव्हा हरसूलच्या दवाखान्यात होते आणि घर नाशिक रोडला, त्यामुळे शनिवारी त्या जीपशिवाय गत्यंतर नव्हतं. माझ्या मांडीवर कुणाची तरी कोंबडी ठरलेलीच. मी कावले की नाना मागे वळून म्हणत, "बाई, तिला काय म्हणू नका, ती तुमच्या आधी बसलीय."

हा हसरा माणूस पावसाळा आला की मात्र गप्प व्हायचा. त्यांची एकुलती एक लेक शकू हरसूलच्या पुढे, नदीपलीकडच्या गावात दिली होती. नदीवर पूल नव्हता, नुसती फरशी होती आणि पावसात ती पाण्याखाली जाई. शकूचं पहिलं मूल त्या फरशीपायी गेलं. सातव्यातच कळा सुरू झाल्या, निरोप मिळताच नाना जीप घेऊन धावले, पण मध्यावर पाणी इंजिनाच्या नाकातोंडात गेलं. लोकांनी गाडी कशीबशी मागे ओढली. अलीकडच्या काठावर बसून राहण्यापलीकडे नानांच्या हातात काही उरलं नाही. संध्याकाळी पलीकडून कुणीतरी हातवारे करून मूल गेल्याचं सांगितलं.

शकूला पुन्हा दिवस राहिले. नानांनी तिला नाशिकला धाडा म्हणून सासरच्यांच्या विनवण्या केल्या. "आवणी उरकली की धाडतो," सासरा म्हणाला. आवणी म्हणजे भाताची लावणी, म्हणजे ऐन पावसाळा! नाना माझ्यासमोर कडाडले, "भाताचं रोप महाग आणि माझी पोर फुकट?" पण तिकडे कोण ऐकतो? मग त्यांनी जीपलाच पाण्याखालून चालवायचं ठरवलं.

ट्रॅक्टरच्या धुराड्याचा पाइप आणि ट्रकचा रबरी होज जोडून त्यांनी इंजिनाचं हवा घ्यायचं तोंड उजव्या बाजूने थेट टपाच्या वर नेलं. धुराची नळीही मागून तशीच वर चढवली. ठिणगी देणाऱ्या भागावर ग्रीस थापून वर सायकलची ट्यूब गुंडाळली. मग इंजिन चालू करून पाइपच्या तोंडावर तळहात दाबून धरला. इंजिन आचके देऊन बंद पडलं. मला वाटलं, बिघडली! नाना तर खूश. "हात ठेवल्यावर मेलंच पायजे, बाई. नाय मेलं तर कुठून तरी चोरून श्वास घेतंय. ते पाण्यात बुडणार."

गोदावरीवर ट्रक धुतात तिथे त्यांनी जीप पाण्यात घातली. बोनेट पाण्याखाली गेलं तरी इंजिन चालूच. धुणं धुणाऱ्या बायका ओरडल्या, "अगं बया, गणपतीच आला!" एकीने तर पाइपला कुंकू लावलं आणि लगेच जीभ चावली, "पण सोंड उजवी हाय हो. उजव्या सोंडेचा लय कडक असतो, सोवळं पाळावं लागतं." नाना म्हणाले, "मी तर नळी खातो." सगळा घाट हसला.

शकू मात्र हसली नाही. नानांनी मोठ्या हौसेने जीप तिच्या सासरच्या दारात नेऊन दाखवली आणि घाटावरची गंमतही सांगितली. मी तिला तपासायला म्हणून बरोबरच होते. ती म्हणाली, "बाबा, सोंड डावीकडं करा."

"इंजिनाचं नाक उजवीकडं हाय, पोरी. डावीकडं वळवायची तर मधी सांधा येतो."

"माझं एक गेलंय, बाबा."

नानांनी सोंड डावीकडे केली. मला शकूचा तेव्हाही राग आला नाही, आजही येत नाही. एक मूल गमावून बसलेल्या बाईला मांजर आडवं गेलं तरी धस्स होतं.

तिच्या कळा सुरू झाल्या तेव्हा नदी दुथडी भरली होती. नाना सकाळीच नाशिकहून खड्ड्यांतून जीप आदळत आले आणि मला दवाखान्यातून उचललं. काठावर ते सवयीने खाली उतरले, इंजिन मरतंय का बघायला सोंडेच्या तोंडावर ठेवायला हात उचलला, पलीकडे पाहिलं आणि तसेच परत गाडीत बसले. जीप पाण्यात शिरली. देवा, किती छान चालली होती! मध्यावर सांध्याचा होज निसटला. इंजिनाने एक उचकी दिली आणि सगळं गप्प झालं.

पलीकडच्यांनी दोर टाकला. नानांनी तो माझ्या कमरेला बांधला. "तुम्ही व्हा पुढं. मी गाडी घेऊन येतो." मी पोचले. मुलगी झाली, चांगली रडली. पण शकूचं रक्त थांबेना. हातात होतं ते सगळं केलं. तिला नाशिकला हलवायला हवं होतं आणि गाडी तर नदीत. घर काठालगतच, दारातून नाना दिसत होते, कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून हँडल मारत होते. पाणी प्यायलेलं इंजिन कसलं फिरतंय! दुपारी शकू गेली आणि तरीही नाना हँडल मारतच होते. मी काठावर जाऊन ओरडून सांगितलं. त्यांच्या डोळ्यांत टिपूस आला नाही. "बाई, सांधा सुटला," एवढंच म्हणाले.

नात त्यांनीच वाढवली. पुढे त्या बाजूला जाणाऱ्या ज्याच्या त्याच्या जीपला ते सोंड बसवून देऊ लागले. सरळ, बिनसांध्याची, उजवीकडे. कुणी कुरकुरलंच तर म्हणत, "बस तू बिनघोर. सोवळं मी पाळतो." लोकांना ती थट्टा वाटायची. मलाही वाटायची.

माझी बदली झाली तेव्हा दवाखान्यातल्यांनी मटणाचा बेत केला. नाना नातीला घेऊन आले. वाढप्याने निवडून जाडजूड नळी त्यांच्या ताटात घातली. नानांनी ती उचलली आणि माझ्या ताटात ठेवली.

"सोवळं हाय, बाई. शकू गेल्यापासून." मग हळूच म्हणाले, "तुम्ही खा. पण मला एकदा फुंकून दाखवा."

मी लाज सोडून नळी चोखली आणि फुंकली. दुसऱ्या टोकाला नानांनी तळहात धरला होता.

"लागला," ते म्हणाले, आणि भर पंगतीत हमसून रडायला लागले.