रांगेतली शेवटची बाहुली

चिकलठाण्याला आमची सोसायटी उभी राहिली तेव्हा बिल्डरच्या जाहिरातीत कारंजं होतं. कारंजं सोडा, इथं नळाला पाणी नव्हतं. दुष्काळाचं वर्ष, भाद्रपद आला तरी पाऊस नाही. टँकर यायचा आणि त्याच्यावर हुकूम चालायचा आमच्या अध्यक्षीणबाईंचा. त्यांना सगळे काकू म्हणायचे. काकूंनी नियम काढला होता: मुक्कामाच्या पाहुण्याला टँकरचं पाणी नाही. पाहुण्यानं महालक्ष्मीचं जेवावं आणि आपल्या गावी जावं.

आणि नेमकी माझी आई आलेली, कन्नड तालुक्यातल्या खेड्यातून, कळशी घेऊन. गावातला हापसा नुसती हवा ओकत होता. "पाऊस पडंपर्यंत ऱ्हाते, मग जाते," म्हणाली. आईला नाही कसं म्हणायचं? नियमाचं तिला सांगताना माझी मान खाली गेली.

त्याच आठवड्यात काकू दारात हजर. त्यांना महालक्ष्म्यांपुढं देखावा मांडायचा होता, महिला मंडळाच्या स्पर्धेसाठी. विषय काय, तर 'पाणी वाचवा'! गुलमंडीच्या बाजारातून पाणी भरणाऱ्या बायकांच्या बाहुल्या आणलेल्या. गुबगुबीत, लालबुंद गाल, जशा काही लग्नाच्या पंगतीतूनच उठून आल्यात.

"तुझा हात चांगला आहे. यांना जरा खेड्यातल्या करून दे. मग तुझ्या आईचं बघू."

बघू म्हणे! पण गरज माझी होती. लागले कामाला. गालांवरचा रंग खरवडला, लुगडी चहाच्या पाण्यात बुडवून मळकी केली, ठिगळं लावली, टाचांना काळ्या दोऱ्याच्या भेगा काढल्या. डोक्यावर घागरीखाली ठेवायच्या चिंध्यांच्या चुंबळी आई वळत होती आणि खुदुखुदु हसत होती. "चहात बुडवायला लागतंय व्हय? आमची न बुडवताच तशी हायेत."

काकू बघायला आल्या. आधी खूश झाल्या, मग नाक मुरडलं. "तोंडं फार पडलीत गं यांची. सणाचं घर आहे. हसऱ्या कर."

घ्या! मी लाल दोऱ्यानं एकेकीच्या तोंडावर हसू शिवलं. बाहुल्यांपुढं काकूंनी विहीर मांडली, तिच्यात छोटी मोटार बसवली. दिवसभर पाणी खळखळत फिरायचं, वर गुलाबाच्या पाकळ्या. पाणी टँकरचंच. त्याला मात्र कुठला नियम नव्हता.

परीक्षक बाया आल्या त्या संध्याकाळी सगळी सोसायटी काकूंच्या हॉलमध्ये जमलेली. तेवढ्यात आई गर्दीतून पुढं आली आणि शेवटच्या बाहुलीमागं कळशी घेऊन फतकल मारून बसली.

"माझा बी नंबर लावा," म्हणाली.

काकूंचा चेहरा पांढराफटक. आणि एक परीक्षक बाई टाळ्या पिटत ओरडल्या, "अय्या, जिवंत देखावा! काय कल्पना आहे!" झालं. पहिलं बक्षीस. काकू लगेच आईच्या खांद्यावर हात टाकून फोटोला उभ्या. त्या बाईला लाज म्हणून नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळीच आमच्याकडं आल्या. रविवारी शहराची अंतिम फेरी होती, देखावा तिथं पुन्हा मांडायचा होता. "आजींना राहू दे गं. पाऊस पडेपर्यंत राहू दे, पाणी मी देते. फक्त रविवारी असंच बसायचं हं, हीच कळशी घेऊन."

मला तर हायसं वाटलं. काकू गेल्या आणि आई पिशवी भरायला लागली.

"अगं, देतायत ना आता पाणी?"

"बाहुलीला देत्यात. मला नाय."

मी भांडले, रडले, हातापाया पडले. काही उपयोग नाही. कळशी तरी भरून देते म्हटलं, तर तीही नको म्हणाली. रिकामी कळशी मांडीवर घेऊन कन्नडच्या एसटीत बसली.

चुंबळींसाठी फाडलेल्या आईच्या जुन्या लुगड्याचा एक तुकडा माझ्याकडं उरला होता. त्याची बाहुली शिवली. रविवारी ती रांगेत सगळ्यात शेवटी, आईच्या जागी ठेवली, विहिरीकडं पाठ, तोंड दाराकडं.

काकू वाकून बघायला लागल्या. "अगं, ही उलटी उभी केलीस. आणि हसू शिवायचं राहिलं हिचं."

"राहिलं नाही काकू," मी म्हटलं, "ती गावाला निघालीय. तुमचाच नियम आहे ना."